वाचक विचारतात : बालशिक्षणातली पीएच.डी. पूर्ण कशी होते?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर संशोधन करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं गेल्या काही महिन्यांत आली. त्यांतली आठ इथे घेतली आहेत. नियमांचे आकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमावलीतले आहेत. त्याआधी प्रवेश झाला असेल तर आपल्याला कुठली नियमावली लागू आहे, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षाकडून लेखी घ्यावं.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. एम.ए. शिक्षणशास्त्र, 56 टक्के. नोकरी सोडणं शक्य नाही. दूरस्थ पद्धतीनं बालशिक्षणात पीएच.डी. करता येईल का? – एक वाचक, पालघर जिल्हा

दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. असा प्रवेश कुणी देऊ केला तर पैसे भरू नका. अर्धवेळ पीएच.डी. मात्र नियमात बसते आणि तुमच्यासाठी तोच रस्ता आहे. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना त्यात पाच टक्क्यांची सवलत असते. म्हणजे तुम्ही पात्र आहात.

बहुतेक विद्यापीठांत ‘बालशिक्षण’ नावाचा वेगळा विभाग नसतो. दारं दोन आहेत : शिक्षणशास्त्र आणि गृहविज्ञानातला मानव विकास. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हे दोन वेगळे विषय आहेत. शिक्षणशास्त्राचा क्रमांक 09, गृहविज्ञानाचा 12. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात आणि बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकासाचे विभाग आहेत. शिक्षणशास्त्रात साधारणपणे अभ्यासक्रम, शिक्षिकांचं प्रशिक्षण, कार्यक्रम तयार करून तपासणं असे विषय सहज स्वीकारले जातात. मानव विकासात मुलाची वाढ, घर, पालक यांच्या अंगानं जाणारे विषय जास्त शोभतात. तुमचं शिक्षण आणि काम पाहता पहिलं दार सोपं.

2024 पासून नेटच्या गुणांवरही पीएच.डी. प्रवेश मिळतो. फेलोशिपला पात्र न ठरलेल्यांच्या बाबतीत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षाही घेतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा.

खरी अडचण मार्गदर्शक मिळण्याची. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन त्या मार्गदर्शकांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडा. लहान मुलांवरचं काम त्यात एकदाही दिसलं नाही तर पुढे मोजमापाची साधनं, परवानग्या, नमुना या सगळ्यांत तुम्हाला एकटीनंच वाट काढावी लागेल.

ताई, तुमच्या कार्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्राचं काम आजच हाती घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्गांसाठी, मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य बऱ्याच प्रमाणपत्रांतून गळलेलं असतं. मग 12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क सुरू झालं की रजेसाठी धावपळ होते आणि हजेरी बुडते. कोर्सवर्कला 55 टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं शीर्षक असं आहे : ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या संदर्भात महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा चिकित्सक अभ्यास’. समितीनं दोनदा परत पाठवलं. कारण कळत नाही. – बालवाडी शिक्षिका, कोल्हापूर

परत पाठवलं ते बरं झालं. या शीर्षकात वय नाही, कौशल्य नाही, गाव नाही, काळ नाही. ‘चिकित्सक अभ्यास’ या शब्दांनी तर काहीच ठरत नाही. तुम्ही काय मोजणार, कुणाला विचारणार, केव्हा थांबणार, हे समितीला त्यातून दिसत नाही.

धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मांडला. त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये आला. महिला व बालविकास मंत्रालयाचा तीन ते सहा वयाचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम 2024 मध्ये आला. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत ‘आकार’ हा अभ्यासक्रम आधीपासून आहे. आता यातला एकच सांधा पकडा. उदाहरणार्थ, चार ते पाच वर्षांच्या मुलांना ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगता येते का, आणि सेविकेनं गोष्ट सांगताना मधेमधे विचारलेल्या प्रश्नांनी त्यात काय फरक पडतो. तालुका एक, कालावधी 12 आठवडे. असं मांडलं की शीर्षक आपोआप लहान होतं आणि साधन कोणतं लागेल तेही कळतं.

मुलांच्या चाचण्या घेणं तुमच्या वेळापत्रकात बसत नसेल तर इतिहासाकडे वळा. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणात भरणारी बालवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा याच कामातून पुढे आली. जुने अंक, अहवाल, पत्रव्यवहार यांवर उभा राहणारा प्रबंध मुलांच्या हजेरीवर आणि हंगामावर अवलंबून नसतो. त्यात मेहनत कागदपत्रं शोधण्याची असते, आणि मराठीत अजून त्यावर खूप काम व्हायला हवं आहे.

दोन अंगणवाड्या निवडल्या, एक प्रायोगिक आणि एक नियंत्रित (जिथे कार्यक्रम राबवला नाही). प्रत्येकी 30 मुलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वचाचणी घेतली, 14 आठवडे खेळांचा कार्यक्रम राबवला. फेब्रुवारीत उत्तरचाचणीला प्रायोगिक गटात 19 मुलं उरली. सरासरीतला फरक सार्थ येतो आहे. एवढ्यावर प्रबंध होईल का? – अधिव्याख्याता, बीड जिल्हा

सर, फरक सार्थ आला, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटला नाही, तरी तो तुमच्या खेळांमुळे आला, असं या रचनेतून म्हणता येणार नाही. बालशिक्षणातल्या प्रबंधांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तुमच्याकडे 60 मुलं आहेत, पण अंगणवाड्या दोनच. एका अंगणवाडीतल्या सेविका उत्साही असतील, गाव रस्त्यालगतचं असेल, पालक जास्त शिकलेले असतील. त्या अंगणवाडीतल्या सगळ्याच मुलांवर याची छाप पडते. मग तुमच्या दोन सरासरींतला फरक खेळांचा की सेविकेचा, हे वेगळं काढायला जागाच उरत नाही. प्रयोगाचा घटक मूल नसून अंगणवाडी आहे, आणि तुमच्या प्रत्येक गटात असा घटक एकेकच आहे.

आता हिशेब करू. मध्यम परिणाम, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (मुलांचे गुण सरासरीभोवती जितके विखुरतात त्याच्या निम्म्याइतका) फरक, 0.05 पातळीवर आणि 80 टक्के शक्यतेनं पकडायचा तर सुट्या मुलांचे दोन गट असताना प्रत्येकी 64 मुलं लागतात. अंगणवाड्यांच्या गटांनी मुलं घेतली की हा आकडा वाढतो. किती पट वाढतो ते असं काढा : एका अंगणवाडीतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, उरेल त्याला मुलांच्या आपसातल्या सारखेपणाच्या गुणांकानं गुणा आणि त्यात एक मिळवा. गुणांक 0.10 धरा. दर अंगणवाडीत 10 मुलं घेतली तर पट येते 1.9, म्हणजे प्रत्येक गटात 122 मुलं. दर अंगणवाडीत 20 घेतली तर पट 2.9, म्हणजे 186 मुलं. एकाच अंगणवाडीत मुलं वाढवून फारसं काही हाती लागत नाही, अंगणवाड्या वाढवाव्या लागतात. त्यात 15 टक्के गळती धरली की 122 चे 144 होतात. सोयीसाठी प्रत्येक गटात 15 अंगणवाड्या आणि दर अंगणवाडीत 10 मुलं ठेवा. चिठ्ठ्या टाकून अंगणवाड्यांचे गट पाडा, मुलांचे नव्हे. गावातल्या दोन अंगणवाड्या शेजारी असतील तर दोन्ही एकाच गटात घ्या, नाहीतर खेळ भिंतीपलीकडे जातात.

तीस अंगणवाड्या म्हटल्यावर धडकी भरते, पण कार्यक्रम तुम्ही राबवायचाच नसतो. तो सेविका राबवतात. तुम्ही त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होतो का, ते नोंदवहीतून आणि अचानक भेटींतून पाहायचं. चाचण्या घ्यायला मदतनीस, म्हणजे परीक्षक लागतात. एका मुलाला 20 मिनिटं धरली तरी एका सकाळी एका परीक्षकाच्या हातून सहाच मुलं नीट होतात. 300 मुलांना 50 सकाळी. चार परीक्षक असतील तर 13 दिवसांत काम होतं. हे काम तीन आठवड्यांपलीकडे लांबवू नये, कारण या वयात महिना-दीड महिन्यानंही गुण बदलतात. कोणती अंगणवाडी कोणत्या गटातली, हे परीक्षकांना सांगायचं नाही.

दुसरी गोष्ट, तुमची गेलेली 11 मुलं. ती कुठे गेली हे बीडमध्ये सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडला तेव्हाच ही गळती ठरली होती. आणि गेलेली मुलं उरलेल्यांसारखी नसतात. ती मजुरांच्या घरांतली असतात. उरलेल्या 19 ची सरासरी त्यामुळेही वर जाते.

स्थलांतराच्या भागात पूर्वचाचणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, कार्यक्रम जुलैच्या मध्यापासून 12 आठवडे आणि उत्तरचाचणी दिवाळीआधी, एवढीच खिडकी मिळते. ती चुकली की पुढचा जुलै. सप्टेंबरात पोषण माह, म्हणजे सरकारी पोषण मोहिमेचा महिना असतो, सेविकांचा बराच वेळ त्यात जातो. तेव्हा 12 आठवड्यांत प्रत्यक्ष कार्यक्रमाचे दहाच आठवडे धरा. संपाचाही विचार ठेवा. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेला राज्यातल्या सेविकांचा संप जानेवारी 2024 पर्यंत चालला होता. त्या काळात उत्तरचाचणी ठरवलेल्या कुणालाही ती वेळेवर घेता आली नसती.

हाताशी असलेल्या माहितीचं काय करायचं? तीन वाटा आहेत. एक, तिला प्राथमिक चाचणी म्हणून प्रबंधात ठेवा आणि पुढच्या जुलैत मोठा प्रयोग करा. दोन, प्रयोगाचा दावा सोडा आणि दोन अंगणवाड्यांचा सखोल अभ्यास करा. त्यासाठी 40 सकाळी तिथे बसून निरीक्षणं, सेविकांच्या मुलाखती, पालकांच्या मुलाखती लागतील. शीर्षकातला ‘परिणामकारकता’ हा शब्द काढावा लागेल आणि त्याला समितीची मंजुरी लागेल. तीन, हंगामानंतर परतलेल्या मुलांना गाठून काय निसटलं याचाच अभ्यास करा. बीडमध्ये बसून हा प्रश्न विचारणं फार मोलाचं ठरेल. काहीही केलंत तरी गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण उरलेल्या मुलांच्या शेजारी छापा. ते लपवले तर प्रबंधाचे परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

आणखी एक. फक्त प्रायोगिक गटाची पूर्व आणि उत्तर चाचणी तुलनेला घेऊन ‘वाढ झाली’ असं लिहू नका. चार वर्षांचं मूल सहा महिन्यांत मोठं होतं. काही न शिकवताही त्याचे शब्द वाढतात.

इंग्रजी साधनाचं मराठी भाषांतर करून घेतलं. दोन निरीक्षकांचं 90 टक्के एकमत आलं, तरी मार्गदर्शक म्हणतात विश्वसनीयता पुरेशी नाही. मुलं बहुतेक कोरकू आहेत. – संशोधक विद्यार्थिनी, अमरावती

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. समजा 40 बाबींची ‘हो-नाही’ यादी आहे. दोघींनी 35 ठिकाणी ‘हो’ म्हटलं, एका ठिकाणी दोघींनीही ‘नाही’ म्हटलं, चार ठिकाणी मतभेद झाले आणि त्यात दोघींकडे दोन-दोन जादा ‘हो’ आले. एकमत 90 टक्के. पण जवळपास सगळीकडे ‘हो’ असेल तर डोळे मिटूनही इतकं जुळतं. योगायोगानं जुळण्याचं प्रमाण इथे 86 टक्के येतं, आणि ते वजा घालून काढलेला कोहेनचा कॅपा फक्त 0.28 येतो. 0.70 च्या वर कॅपा मिळेपर्यंत प्रशिक्षण चालू ठेवा. हा सराव ज्या अंगणवाड्या तुमच्या नमुन्यात नाहीत त्यांत करा. जिथे कॅपा पडतो तिथे बहुतेक वेळा बाबच ढिली असते. ‘सेविका मुलांशी प्रेमानं बोलतात’ यावर दोघींचं कसं जुळणार? ‘अर्ध्या तासात सेविकेनं किमान तीन मुलांना नावानं हाक मारली’ असं लिहिलं की जुळतं.

भाषांतराचं काम एका माणसानं करून संपत नाही. एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून फरक काढायचे. मग बालशिक्षणातल्या पाच-सात जाणकारांना दाखवायचं आणि शेवटी 10-12 मुलांवर करून पाहायचं. मूळ लेखकांची किंवा प्रकाशकांची परवानगी लेखी हवी. बालवाडीचं वातावरण मोजणाऱ्या परदेशी मापनश्रेणी जशाच्या तशा आणल्या तर आपल्या एका खोलीच्या अंगणवाड्यांना बऱ्याच बाबींत किमान गुण मिळतात आणि चांगल्या-वाईटातला फरकच दिसेनासा होतो. तमिळनाडूत अशाच श्रेणीची स्थानिक आवृत्ती तयार करावी लागली होती.

आता कोरकू मुलं. सूचना मराठीतून दिली तर, उदाहरणार्थ, गणनपूर्व कौशल्याची (मोजणी शिकण्याआधीच्या तयारीची) चाचणी ते कौशल्य मोजत नाही, मराठी मोजते. सूचना कोरकूतून द्या, कोरकू बोलणारी परीक्षक घ्या आणि मुलानं कोणत्याही भाषेत उत्तर दिलं तरी ते ग्राह्य धरा. पालघरच्या वारली किंवा नंदुरबारच्या भिल्ल मुलांबाबतही हेच.

मोजणीचं एक उदाहरण घेऊ. मुलासमोर दहा चिंचोके ओळीत ठेवले. मूल म्हणतं, ‘एक, दोन, तीन, चार, पाच...’ आणि बोट मात्र एका चिंचोक्यावर दोनदा पडतं. दुसरं मूल प्रत्येकाला एकदाच बोट लावून दहापर्यंत नीट जातं. तुम्ही विचारता, ‘मग किती आहेत?’ ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं. तिसरं मूल ‘दहा’ म्हणतं, पण ‘मला चार दे’ म्हटल्यावर मूठभर उचलून हातात देतं. या चार वेगळ्या पायऱ्या आहेत : अंक म्हणता येणं, एकास एक लावता येणं, शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हे कळणं, आणि सांगितली तेवढी संख्या काढून देणं. ‘दहापर्यंत मोजतो : हो/नाही’ असा एकच रकाना ठेवला तर या तीन मुलांतला फरक हरवतो. चार रकाने करा.

मुलाची वेळ पाळा. पहिले दोन-तीन दिवस फक्त जाऊन बसा, खेळा, नावं विचारा. नवख्या माणसासमोर मूल गप्प बसलं तर ते अज्ञान समजून शून्य देऊ नका. चाचणी गरम आहाराआधी घ्या, नंतर पेंग येते. मुलाची पाठ सेविकेकडे असू द्या. त्या मनापासून मुलाचं भलं चिंततात आणि ओठ हलवून उत्तर सांगतात. आई सोबत असेल तर तिला आधीच समजावून सांगा. मुलाचं वय वर्षांत लिहू नका, जन्मतारखेवरून महिन्यांत काढा. 49 महिने आणि 59 महिने ही दोन्ही ‘चार वर्षांची’च असतात.

अंगणवाड्यांत जाण्यासाठी परवानगी कुणाची? पालकांची संमती तोंडी चालते का? – वाचक, नाशिक

एका जिल्ह्यापुरतं काम असेल तर जिल्हा परिषदेत महिला व बालविकास विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, मग पर्यवेक्षिका. एकाहून जास्त जिल्हे असतील तर एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या आयुक्तालयाकडे. अर्जाला आराखडा, साधन, विद्यापीठाचं पत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी जोडा. दोन-तीन महिने धरून चाला. जुलैत मैदानात उतरायचं तर अर्ज मार्चच्या आत जायला हवा. मंजुरीचं पत्र हाती आलं तरी सेविकेला आधी भेटा. वरून आलेल्या कागदानं दार उघडतं, पण तिला विश्वास वाटेपर्यंत खरं काही दिसत नाही.

संमती लेखी घ्या. वाचता न येणाऱ्या पालकाला पत्रक वाचून दाखवा, अंगठा आणि साक्षीदाराची सही घ्या. छायाचित्र आणि चित्रफितीसाठी वेगळा रकाना ठेवा. मुलाची सही नसते, पण त्याचा नकार असतो. तोंड फिरवलं, दाराकडे पाहिलं, एकदम गप्प झालं, तर थांबा. नियंत्रित गटातल्या अंगणवाड्यांना उत्तरचाचणीनंतर तोच कार्यक्रम द्या, आणि हे आराखड्यातच लिहा. मुलात विकासाची ठळक अडचण दिसली तर सेविकेमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिथे संशोधनाची गोपनीयता पुढे करता येत नाही. 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक परीक्षकांच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

प्रवेशाला सहावं वर्ष लागलं. मधे बाळंतपण झालं. माहिती गोळा झाली आहे, पण लिहिणं दीड वर्षापासून अडलं आहे. नोंदणी रद्द होईल का? – पुणे

लगेच होणार नाही, पण अर्ज न करता बसलात तर होईल. मूळ मुदत सहा वर्षांची. पुनर्नोंदणीनं दोन वर्षं वाढतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. पुनर्नोंदणीचा अर्ज सहावं वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी द्या. सोबत सहामाही प्रगती अहवाल लागतात. राहिलेले असतील तर मार्गदर्शकांना भेटून ते आधी मार्गी लावा.

लिखाण पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. दीड वर्ष अडलेली बहुतेक माणसं ‘प्रास्ताविका’त अडलेली असतात. तिसरं प्रकरण, म्हणजे कार्यपद्धती, आधी लिहा. ती तुम्ही जगलेली आहे, पुस्तक उघडावं लागत नाही. किती अंगणवाड्या, कशा निवडल्या, कोण गळालं, चाचणी कशी घेतली. त्यानंतर चौथं : आधी सगळी कोष्टकं काढा, मग प्रत्येक कोष्टकाखाली त्यात काय दिसतं एवढंच लिहा. निष्कर्षांची चर्चा त्यानंतर. संदर्भ साहित्याचं दुसरं प्रकरण शेवटून दुसरं, कारण कुठला पूर्वाभ्यास खरोखर लागतो हे तोवर कळलेलं असतं. प्रास्ताविक सगळ्यात शेवटी.

घरी लहान मूल आहे, तेव्हा सलग चार तास मिळतील ही आशा सोडा. रोजची 50 मिनिटं ठरवा आणि उठताना उद्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवा. मार्गदर्शकांना पूर्ण प्रकरण झाल्यावर नव्हे, दर पंधरा दिवसांनी आठ-दहा पानं द्या.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचा वाङ्मयचौर्य अहवाल 2 टक्के आला आणि समितीला तो संशयास्पद वाटला. – लातूर

आपण जुन्या फाँटमध्ये टंकन केलं असणार. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर संगणकाला मराठी म्हणून दिसतच नाही, त्याला इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ दिसते आणि काही जुळत नाही. पूर्ण प्रबंध युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार ओळीनं तपासा. ‘र्‍हस्व’, ‘वाङ्मय’, ‘पुनर्रचना’ असे शब्द हटकून मोडतात.

आयोगाच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या 2018 च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. 60 च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं यात मोजत नाहीत. एक धोका मात्र अहवालात दिसत नाही. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवला आणि श्रेय दिलं नाही, तर यंत्राला ते सापडेलच असं नाही, पण ते वाङ्मयचौर्यच असतं. विषयातले परीक्षक मूळ लेख वाचलेले असतात.

प्रबंध सादर केल्यावर किती दिवस लागतात? शोधनिबंध छापणं सक्तीचं आहे का? – फोंडा, गोवा

2022 च्या नियमावलीत सादरीकरणाआधी निबंध छापण्याची सक्ती नाही, पण विद्यापीठ स्वतःचा नियम करू शकतं, तो पाहा. आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद झाली. तेव्हा ‘यादीत आहे’ असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा.

क्रम असा : संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण, मग प्रबंध, मग मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक. दोन्ही बाहेरच्या परीक्षकांनी शिफारस केली तरच मौखिक परीक्षा होते. एकानं नाकारलं तर तिसऱ्याकडे जातो. सगळं सहा महिन्यांत व्हावं असं नियम सांगतो.

मौखिक परीक्षेला जाताना साधनाचं साहित्य सोबत न्या : चित्रकार्डं, मणी, मुलांच्या सांकेतिक क्रमांकाच्या दोन-तीन भरलेल्या उत्तरपत्रिका. ‘हा गुण कसा दिलात?’ असं विचारलं की तोंडी समजावण्यापेक्षा कार्ड टेबलावर ठेवून चाचणी करून दाखवा. नमुना का एवढाच, गळती किती आणि सेविकांनी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे राबवला हे कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांसकट पाठ ठेवा.